उंदरावरचा प्रयोग : हिंसा की गरज? धातूंची कर्करोगविरोधी औषधे आणि आपली बाजू



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधील अहिंसेच्या प्रकरणावर चर्चा चालू होती. मागच्या रांगेत बसलेली एक मुलगी उठली. रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. म्हणाली, "सर, मी तांबे आणि रुथेनियमची नवीन संयुगे बनवते. कर्करोगाच्या पेशींवर ती काम करतात असे दिसतेय. आता गाईड म्हणतात, पुढचा टप्पा उंदरांचा. मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. प्राणिमात्रांवर करुणा ठेवीन असे म्हटले आहे. मग मी हे करावे की नाही?"

वर्गात थोडी कुजबुज झाली. एकजण म्हणाला, आपण मटण खातो, मग उंदराचे काय घेऊन बसलात? दुसरा म्हणाला, हे सगळे औषध कंपन्यांचे खेळ आहेत, त्यात आपण पडूच नये. त्या दिवशी मलाही नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुन्हा वाचले, काही जाणकारांशी बोललो. आज जे मला पटले आहे ते इथे मांडतो. पटले नाही तर वाद घाला, आपला ब्लॉग त्यासाठीच आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल. ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते अहिंसेचा अर्थ उलगडतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, तथागतांनी अहिंसा हा तत्त्वाचा विषय मानला, आंधळ्या नियमाचा नाही. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी फरक केला. यज्ञात हजारो पशू कापणाऱ्या ब्राह्मणी धर्मात मारण्याची इच्छा होती. दुसऱ्या टोकाला जैनांची अहिंसा, जी कधीच मारायचे नाही असे म्हणते. बुद्धाचा मार्ग या दोहोंच्या मधला. दीघ निकायात कूटदंत ब्राह्मणाची कथा आहे. सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बोकड, सातशे मेंढे यज्ञासाठी खांबाला बांधलेले. तथागतांचा सल्ला ऐकून तो ते सगळे सोडून देतो. त्या बोकडांच्या मरणाने कुणाचे भले होणार होते? कुणाचेच नाही. तिथे गरज नव्हती, पोथीत लिहिले होते म्हणून इच्छा होती. (आपल्याही वस्त्यांत मरीआईला कोंबडे कापणे अजून थांबलेले नाही, हेही जाता जाता मान्य करू.)

तेव्हा त्या मुलीचा प्रश्न "उंदीर मारावा की नाही" असा राहत नाही. प्रश्न असा होतो की गरज आहे हे कोण दाखवणार, आणि कसे दाखवणार? याचे उत्तर हवेत देता येत नाही. धातूंच्या औषधांचा इतिहासच पाहू, कारण त्यात दोन्ही बाजूंचे पुरावे भरपूर आहेत.

१८४४ साली मिशेल पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमचे एक पिवळे संयुग बनवले. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, त्याला दोन क्लोरिन आणि दोन अमोनिया जोडलेले. पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेड वर्नरने त्याची रचना सपाट चौकोनी असल्याचे सांगितले. म्हणजे हा पदार्थ जवळपास सव्वाशे वर्षे बाटलीत पडून होता, विद्यार्थी तो रचनेच्या धड्यात शिकत होते आणि तो कर्करोगावरचे औषध आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे भौतिकशास्त्रातून आलेले संशोधक एक वेगळाच प्रश्न घेऊन बसले होते : विद्युतक्षेत्राचा पेशींच्या विभाजनावर काही परिणाम होतो का? ई. कोलाय हे आपल्या आतड्यात राहणारे जिवाणू त्यांनी घेतले आणि प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून त्या द्रावणात वीज सोडली. प्लॅटिनम निवडले कारण ते कशाशी अभिक्रिया करत नाही अशी समजूत. झाले उलटेच. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण वाढ थांबली नाही. ते लांबच लांब दोऱ्यांसारखे झाले, नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटीपर्यंत. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प यांनी चिकाटीने शोध घेतला तेव्हा कळले की करामत विजेची नाही. पट्टीतले प्लॅटिनम किंचित विरघळून द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडशी जुळत होते आणि त्यातून पेरोनेचेच जुने संयुग व त्याचे भाऊबंद तयार होत होते. १९६५ मध्ये हे 'नेचर' नियतकालिकात आले.

विभाजन थांबवणारा पदार्थ सापडला, तर बेसुमार विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर तो चालेल का, हा पुढचा साधा प्रश्न. इथे उंदीर आले. सार्कोमा १८० नावाची गाठ त्वचेखाली वाढवलेल्या उंदरांना हे संयुग टोचले. गाठी विरघळल्या. आठ दिवस गाठ मोठी होऊ दिल्यावर औषध दिले तरीही ती नाहीशी झाली. १९६९ मध्ये दुसरा लेख आला आणि जगाला 'सिसप्लॅटिन' मिळाले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझ्या मते सगळा वाद इथेच सुटतो. याच अणूंचे आणखी एक संयुग आहे, ट्रान्सप्लॅटिन. तेच प्लॅटिनम, तेच दोन क्लोरिन, तेच दोन अमोनिया. फरक एवढाच की सिसप्लॅटिनमध्ये दोन क्लोरिन शेजारी शेजारी बसतात, ट्रान्समध्ये समोरासमोर. सिसप्लॅटिन पेशीच्या डीएनएच्या एकाच पट्टीवरच्या शेजारच्या दोन जागांना घट्ट चिकटते, डीएनए वाकतो, पेशी मरते. ट्रान्सप्लॅटिनला ती शेजारची पकड जमत नाही आणि औषध म्हणून ते निरुपयोगी ठरते. हे आज आपण कागदावर सहज समजावून सांगतो. त्या वेळी कागदावरून कुणी सांगू शकले नसते. कोणते चालते आणि कोणते चालत नाही हे जिवंत शरीराला विचारावे लागले. तिथे गरज होती. मला ती मान्य आहे.

पण गोष्ट उंदरापाशी संपत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. औषध गुंडाळून ठेवण्याची वेळ आली होती. मग कुत्र्यांवर प्रयोग झाले. आधी शिरेतून भरपूर पाणी आणि लघवी वाढवणारे मॅनिटॉल दिले तर मूत्रपिंड वाचते असे दिसले आणि मग ते माणसांत वापरले गेले. आज तुमच्या नात्यातल्या कुणाला सिसप्लॅटिन देताना आधी सलाईनच्या बाटल्या लावतात, त्यामागे हा इतिहास आहे. १९७४ पासून इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते अंडकोषाच्या पसरलेल्या कर्करोगात इतर औषधांबरोबर वापरले. ज्या आजारात तरुण पोरे बहुतेक मरत, तिथे बहुतेक वाचू लागली. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता उलटी बाजू. सिसप्लॅटिनने भयंकर उलट्या होतात, इतक्या की काही रुग्ण उपचार सोडून देत. उंदरांवरच्या प्रयोगात हे कधी दिसले? दिसणार कसे, उंदीर आणि घुशी उलटी करूच शकत नाहीत! त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. त्यासाठी संशोधकांना फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी घ्यावा लागला, आणि आपल्या घरात फिरणारी चिचुंद्रीसुद्धा. त्या कामातून उलटीवरची आजची औषधे पुढे आली. सांगायचा मुद्दा, उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. उंदराला विचारलेल्या प्रश्नाला उंदराचेच उत्तर मिळते.

आणि ते उत्तर बऱ्याचदा आपल्याला फसवते. रुथेनियमचे 'नामी-ए' हे संयुग इटलीतल्या त्रिएस्ते इथे तयार झाले. उंदरांत ते फुप्फुसात पसरलेल्या गाठी कमी करत असे, मोठी आशा होती. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत दुसऱ्या औषधाबरोबर वापरून पाहिले तेव्हा पुरेसा फायदा दिसला नाही आणि ते मागे पडले. टायटॅनियमची ब्युडोटिटेन आणि टायटॅनोसीन डायक्लोराइड ही संयुगे प्राण्यांत चांगली ठरली, माणसांत आली आणि बाजूला गेली. सिसप्लॅटिननंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत धातूंची हजारो संयुगे बनली. जगभर रुग्णालयात रुळलेली कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन ही दोघे त्याच प्लॅटिनमच्या घरातली.

म्हणून व्हॉट्सॲपवर "अमुक विद्यापीठातील संशोधकांनी कर्करोगावर औषध शोधले, उंदीर बरे झाले" असा मेसेज आला की लगेच पुढे ढकलू नका. उंदीर बरे होणे ही सुरुवात असते. वस्तीतला एखादा रुग्ण तो मेसेज वाचून किमो अर्धवट सोडतो, हे मी पाहिले आहे.

आता आपल्या विद्यापीठांकडे वळतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रसायनशास्त्र विभागात जा, तांबे, कोबाल्ट, निकेल, जस्त यांची शिफ बेस संयुगे बनवण्याचे काम चालू असते. स्वस्त असते, दोन वर्षांत होते, शोधनिबंध निघतो. निबंधाच्या शेवटी एक तक्ता असतो : हेला पेशींवर इतका परिणाम, एमसीएफ-७ वर इतका. आणि शेवटच्या ओळीत "ही संयुगे भविष्यात कर्करोगविरोधी औषध म्हणून उपयोगी ठरू शकतात". मग ते संयुग फडताळात जाते. यात त्या मुलांचा दोष नाही. पैसा नाही, प्राणिगृह नाही, शेजारच्या जीवशास्त्र विभागाशी बोलणे नाही, नोकरीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते. पण याच रेट्यात कुणी म्हणाले, "चला, दहा-वीस उंदरांवरही करून टाकू, निबंध मोठ्या नियतकालिकात जाईल," तर ती गरज झाली की इच्छा? माझ्या मते इच्छा. ज्या संयुगाची विषारी मात्रा पेशींवर धड तपासलेली नाही, जे पाण्यात विरघळत नाही, ज्याची सिसप्लॅटिनशी तुलना केलेली नाही, ते उंदरात टोचणे म्हणजे कूटदंताच्याच खांबाला आणखी एक जनावर बांधणे.

हे माझ्या मनचे नाही, कायदाही हेच म्हणतो. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा माणसाचे आयुष्य वाचवणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या ज्ञानासाठी प्रयोगाला परवानगी देतो. पण जिथे टाळता येईल तिथे टाळा, मोठ्या प्राण्याऐवजी लहान घ्या, वेदना होणार असेल तर भूल द्या, केवळ हाताला सराव म्हणून प्रयोग करू नका, असेही बजावतो. १९९८ च्या नियमांनुसार संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते, तिच्यात केंद्राच्या समितीने नेमलेला माणूस असतो, आणि अर्जात लिहून द्यावे लागते : प्राणी का हवा, इतकेच का हवेत, दुसरा मार्ग का चालत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या : पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. त्याआधी तीनच वर्षे, १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाचे काम पुरे केले. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला हा योगायोग आवडतो. गरज सिद्ध करा, असे दोघेही म्हणतात.

आणि गरज काळाबरोबर बदलते. १९६८ साली जे उंदराशिवाय कळत नव्हते त्यातले बरेचसे आज माणसाच्याच पेशींपासून वाढवलेल्या छोट्या गाठींवर, चिपवर, संगणकावर कळते. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी झालीच पाहिजे ही सक्ती काढली. भारतानेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पर्यायी पद्धतींना वाट मोकळी केली. याचा अर्थ उद्यापासून उंदीर नको असा नाही. सगळ्या शरीरात औषध कुठे जाते, मूत्रपिंडाचे काय होते, कानाच्या नसांचे काय होते, हे चिप अजून पूर्ण सांगत नाही. पण "आम्ही नेहमी असेच करतो" हे उत्तर आता चालणार नाही.

आता ज्यांना प्राण्यांवरचे प्रयोग ऐकूनच पाप वाटते त्यांच्याकडे येऊ. यातले काहीजण मनापासून दयाळू आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण एक जमात अशी आहे जी प्रयोगशाळेतल्या सशासाठी अश्रू ढाळते आणि त्याच तोंडाने भस्माची पुडी विकते. सोन्याचे भस्म, पाऱ्याचे भस्म, ताम्रभस्म, "कॅन्सर मुळापासून". इथेही धातूच आहेत की! आपल्याकडे ग्रंथात सांगितल्याप्रमाणे बनवलेल्या पारंपरिक औषधाला परवाना देताना स्वतंत्र सुरक्षिततेचा अभ्यास मागितला जात नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्या ग्रंथांची यादीच आहे. म्हणजे पोथी हाच पुरावा. २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली, त्यांतल्या साधारण पाचव्या भागात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपाय विरोधी कायद्याने बंदी आहे. तरी जत्रेत, टीव्हीवर आणि मोबाईलवर ती चालूच असते.

भस्मवाल्यांनी उंदीर वाचवला म्हणता? मग चाचणी कुणावर झाली? ज्याने पुडी खाल्ली त्याच्यावर. नोंद नाही, मात्रा नाही, संमती नाही, मेला तर भोगाला कारण पूर्वजन्म. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. ते भस्मालाही लागू आहे आणि, हो, पांढरा कोट घातलेल्या प्राध्यापकालाही लागू आहे.

परंपरेतले सगळे टाकाऊ असते असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे हीसुद्धा पोथीनिष्ठाच. आर्सेनिक म्हणजे सोमल, विषच. चीनमध्ये हार्बिन इथल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका जुन्या देशी उपायातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, मात्रा ठरवली, रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात ते वापरले, नोंदी ठेवल्या, जगापुढे मांडल्या. इतरांनी तपासले. २००० साली अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली आणि आज त्या आजाराचे ते मुख्य औषध आहे. परीक्षा दिली, पास झाले. आपल्या भस्मांनी परीक्षेला बसावे, कोण अडवतो आहे?

आता सर्वांत कळीचा मुद्दा. उंदराच्या पुढच्या पायरीवर माणूस असतो. कोणता माणूस?

वर मी हेला पेशींचा उल्लेख केला. आपल्या प्रयोगशाळांत ज्या पेशींवर धातूंची संयुगे ओततात त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या आहेत. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरातली, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दाखल झाली. गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून घेतला गेला. तिच्यावर रेडियम या धातूने उपचार केले आणि ४ ऑक्टोबर १९५१ ला, ३१ व्या वर्षी, ती गेली. तिच्या पेशी मात्र मेल्या नाहीत, जगभर विकल्या गेल्या. घरच्यांना हे वीसेक वर्षे माहीत नव्हते. त्यांच्यातल्या काहींना स्वतःच्या उपचाराचा विमा परवडत नव्हता. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीला तिच्या वारसांशी तडजोड करावी लागली.

आता हे जोडून पाहा. ती मेली तेव्हा पेरोनेचे संयुग १०७ वर्षे जुने होते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच चाचण्यांच्या आधारे सांगितले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन दिले तर मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. ज्या आजाराने हेन्रिएटा गेली त्याच आजारावरचे हे औषध. आणि तोच आजार आज भारतातल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. कुणाला होतो तो? जिची तपासणी कधी होत नाही तिला. ऊसतोडीला जाणारीला, वीटभट्टीवर राबणारीला, आपल्या मावशी-आत्यांना.

त्यांच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी झाली, चौथ्या गटात, सुमारे ३१ हजार बायकांत, तपासणी केली नाही. त्यांना माहिती आणि नेहमीची जी सोय होती ती. २००९ मध्ये निष्कर्ष आले : एकदा एचपीव्ही चाचणी केली तरी मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात. न तपासलेल्या गटात या आजाराने ६४ बायका गेल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. टीकाकारांनी विचारले, तपासणीचा फायदा होतो हे जगाला आधीच ठाऊक असताना एक गट तसाच ठेवणे योग्य होते का? संशोधकांचे म्हणणे, त्या भागात तशीही कुठलीच तपासणी नव्हती, आम्ही काही काढून घेतले नाही. हे उत्तर मला अस्वस्थ करते. कारण "तिथे तसेही काही नव्हते" हेच आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमी खरे असते. त्या अभ्यासातून मिळालेले ज्ञान मोलाचे आहे, हेही मी नाकारत नाही. पण त्या ज्ञानानंतरच्या एवढ्या वर्षांत मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती चाचणी सुरू व्हायला हवी होती, नाही का?

खम्मममध्ये काय झाले तेही आठवा. एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या वसतिगृहांतून संमतीपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या. २०१० मध्ये तो थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे, आपल्या मुलींना ती मिळायलाच हवी. पण मुलीचा आईबाप जिवंत असताना सही वॉर्डनची का? त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने औषध चाचण्यांत संमतीचे चित्रीकरण करायला सांगितले. हा नियम आपल्या कार्यकर्त्यांना पाठ हवा. वस्तीत कुणी "मोफत उपचार, फक्त इथे अंगठा" म्हणत आला तर विचारा : ही चाचणी आहे की उपचार? नोंदणी क्रमांक काय? इजा झाली तर भरपाई कोण देणार? मधूनच बाहेर पडता येते ना?

आपल्यातल्या काही मित्रांचा निष्कर्ष असा की, इतका अन्याय आहे तर या विज्ञानापासून लांबच राहावे. मला तो साफ अमान्य आहे. प्राणिगृहात पिंजरे धुणारा, मेलेले उंदीर पिवळ्या पिशवीत भरणारा माणूस बहुतेक आपला असतो. वॉर्डात खाटेवर झोपलेला आपला असतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकलेल्यांत मराठवाडा, विदर्भातले आपले असतात. फक्त नैतिकता समितीच्या टेबलाभोवती आपण नसतो. संशोधन कशावर व्हावे, हे ठरते तिथे आपण नसतो. आणि जी मुलगी तिथवर पोहोचू शकते तिला फेलोशिपसाठी आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागते. सिसप्लॅटिनच्या रॉयल्टीतून मिशिगन स्टेट विद्यापीठाला कोट्यवधी डॉलर मिळाले आणि ते पुन्हा संशोधनात गेले. आपल्याकडे सरकार फेलोशिपच्या चार पैशांवर महिनोन्महिने बसून राहते आणि मग विचारते, तुमची मुले संशोधन का करत नाहीत?

त्या मुलीला मी परवा फोन केला. म्हटलं, बाई, कर. पण आधी गाईडला चार गोष्टी विचार. हे संयुग निरोगी पेशींनाही मारते का ते पाहिले का? सिसप्लॅटिनला न जुमानणाऱ्या पेशींवर ते चालते का, नाहीतर सिसप्लॅटिन असताना याची गरज काय? रक्तासारख्या द्रावणात ते किती वेळ टिकते? आणि किती उंदीर हवेत हा आकडा संख्याशास्त्राने काढला आहे की मागच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून उचलला आहे? या चारांची उत्तरे असतील तर अर्ज भर, भूल कशी देणार आणि गाठ किती वाढली की प्रयोग थांबवणार तेही लिही. उत्तरे नसतील तर नाही म्हण, आणि नाही म्हणताना बावीस प्रतिज्ञांचा आधार घेऊ नकोस, शास्त्राचा घे. तिथे तुला कुणी भावनिक म्हणून उडवून लावणार नाही.

ती म्हणाली, "सर, पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नाहीये. निरोगी पेशींवर आम्ही बघितलेलंच नाही." मग हसून म्हणाली, "आणि तांब्याचं ते संयुग पाण्यात विरघळतही नाही." आता ती आधी ते काम करते आहे. त्या पेशी मागवायला पैसे लागतील आणि तिची फेलोशिप गेल्या सात महिन्यांपासून आलेली नाही. तिच्या विभागातल्या आणखी काही मुलांचेही तसेच आहे. सोमवारी आम्ही काहीजण निवेदन घेऊन जाणार आहोत. पुण्यात असाल तर या.